बॅटमॅन दळणाच्या रांगेत: सुपरहिरोला आपल्या गल्लीत आणायची साहित्य आणि कृती

माझा पहिला प्रयत्न सुपरमॅनचा होता. एसटी स्टँडवर, फलाटाच्या पाटीखाली उभा असलेला. नेटवरून पोस्टर उतरवलं, त्यातला सुपरमॅन कापला आणि स्टँडच्या फोटोवर चिकटवला. आत्याला दाखवला. ती चष्मा नीट करत म्हणाली, "बाकी छान आहे गं, पण हा जमिनीच्या वर का उभा आहे?"

"आत्या, सुपरमॅन आहे तो. उडतो."

"मग एसटीला कशाला थांबलाय?"

दोन वाक्यांत तिने दोन्ही चुका सांगितल्या. पायाखाली सावली नव्हती, आणि तो तिथे का आहे याचं उत्तर नव्हतं. त्यानंतर दीड-दोन वर्षं हाच उद्योग रविवारी करते आहे. जे ठेच लागून कळलं ते इथे लिहिते. उदाहरण एकच घेते, म्हणजे गोंधळ होणार नाही: बॅटमॅन पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभा आहे.

१. आधी काम ठरवा, हिरो नंतर

नवखी मंडळी उलट जातात. स्पायडरमॅनचा झकास फोटो सापडतो, मग त्याला कुठे चिकटवू म्हणून जागा शोधत बसतात. त्यातून स्पायडरमॅन गेटवे ऑफ इंडियासमोर नुसता उभा, असले फोटो होतात. पर्यटक वाटतो तो.

मी एकच प्रश्न विचारते: याची शक्ती जिथे काडीच्या कामाची नाही अशी जागा कोणती? फ्लॅश हा जगातला सगळ्यात वेगवान माणूस, तर तो सेतू केंद्रात बसलेला आणि सर्व्हर डाऊन. स्पायडरमॅन दिवाळीच्या आधी घरच्यांनी माळ्यावर चढवलेला, हातात झाडू, जळमटं काढतोय. बॅटमॅनकडे शक्ती नाहीच, अमाप पैसा आहे. पण गिरणीत पैशाने पुढे जाता येत नाही. तिथे नंबर डब्याचा असतो, माणसाचा नाही.

आणखी एक. हिरोला धोतर-टोपी घालू नका. २००४ साली स्पायडरमॅनचा भारतीय अवतार आला होता, पवित्र प्रभाकर, धोतर नेसलेला. तिथे ते शोभलं कारण ते पात्रच निराळं होतं. आपल्याला तोच परदेशी पोशाख, तोच मुखवटा हवा, आणि हातात ऑइलपेंटने आडनाव लिहिलेला पत्र्याचा डबा. माझ्या फोटोत डब्यावर "वेन" लिहिलं आहे, बॅटमॅनचं खरं आडनाव. लोक आधी ते वाचतात.

२. साहित्य

• फोन. कुठलाही चालेल, फक्त प्रो मोड (उजेड, फोकस स्वतः ठरवता येण्याची सोय) असलेला बरा.
• कॉम्प्युटरवर गिम्प किंवा फोटोपी, म्हणजे फोटो कापायचे-जोडायचे प्रोग्रॅम. गिम्प फुकट आहे आणि उतरवून घ्यावं लागतं. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती सहन केल्या की तेही फुकट. फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर त्यावाचून अडत नाही.
• माउस. मोबाईलवर बोटाने कापाकापी करू नका; जी कड कापायची तीच बोटाखाली झाकली जाते.
• हात-पाय वळणारं, बॅटमॅनचं सहा इंची खेळणं (पुढे त्यालाच बाहुली म्हणते). याला एकास बारा प्रमाणाचं म्हणतात: बाहुलीचा एक इंच म्हणजे माणसाचा एक फूट. हे प्रमाण पुढे फार उपयोगी पडणार आहे.
• राखाडी कार्डशीट, एक टेबललॅम्प, बटर पेपर, मेजरिंग टेप, टाल्कम पावडर आणि टेबल टेनिसचा पांढरा चेंडू.

मित्राला भाड्याचा पोशाख घालूनही काढता येतं. पण भाड्याचा बॅटमॅन गुडघ्यावर ढगळ असतो, आणि मित्र दुसऱ्या टेकनंतर वडापाव मागतो. खेळणं काही मागत नाही. नेटवरचा तयार फोटो मात्र नको. तो दुसऱ्या कोणाचा असतो हे झालंच, शिवाय त्यातला प्रकाश आपल्या हातात नसतो. एसटी स्टँडवर मी तिथेच आपटले: ऊन डावीकडून, सुपरमॅनचा चेहरा उजवीकडून उजळलेला. जणू दोन सूर्य.

३. गिरणीतला फोटो

आधी विचारा. मी दुपारी तीनच्या सुमारास गेले, तेव्हा गर्दी नसते. "काका, एक फोटो काढू का गिरणीचा? बॅटमॅन उभा करायचाय." काका म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "सिनेमातला आहे." "मग काढ की. पट्ट्यापासून लांब उभी राहा आणि ओढणी बांध." ओढणीचं त्यांनी सांगितलं ते तुम्हीही पाळा, पट्टा फिरत असताना फोटोच्या नादात पुढे सरकायचं नाही. रांगेतल्या कोणाचा चेहरा येत असेल तर त्यांनाही विचारायचं. नको म्हणाल्या तर पाठीमागून काढायचा.

आता चार फोटो काढायचे, चारही एकाच जागेवरून, फोन कशाला तरी टेकवून.

पहिला, रिकाम्या जागेचा, म्हणजे हिरो जिथे उभा राहणार ती जागा मोकळी ठेवून. दुसरा, तिथे भावाला किंवा मैत्रिणीला उभं करून. हा फोटो शेवटी कुठेच दिसत नाही, पण पाऊल कुठे पडतं, सावली किती लांब जाते, डोकं फळीच्या कितव्या डब्यापर्यंत येतं, हे सगळं त्यावरूनच कळतं. तिसरा, त्याच जागी छातीच्या उंचीवर टेबल टेनिसचा चेंडू धरून. सिनेमाचे व्हीएफएक्सवाले (कॉम्प्युटरवर दृश्यं रचणारे) सेटवर राखाडी आणि आरशासारखा गोळा धरून प्रकाशाची नोंद घेतात, त्याची ही आपली घरगुती आवृत्ती. चेंडूची कुठली बाजू उजळ, कुठली निळसर, कुठली अंधारी, हे एका नजरेत दिसतं. माझ्या गिरणीत डावीकडून दाराचा उजेड होता आणि डोक्यावर ट्यूबलाइट. चौथा फोटो डब्यांच्या कडेचा किंवा वजनकाट्याचा, जवळून. तो कशाला ते पुढे सांगते.

फोटो झाले की टेप काढा. फोन जमिनीपासून किती उंचीवर होता आणि हिरोच्या जागेपासून किती लांब, हे लिहून ठेवा. माझे आकडे: उंची ४ फूट, अंतर १० फूट.

इथले सापळे: फ्लॅश नको, हवेतला पिठाचा कण न् कण चमकतो आणि फोटोवर कांजिण्या येतात. पोर्ट्रेट मोड नको, तो डब्यांच्या कडा खातो. वाइड लेन्स नको, झूम एक एक्सच ठेवा. आणि दर दोन मिनिटांनी लेन्स पुसा, कारण गिरणीत लेन्सवर पीठ बसतंच. मी पहिल्या वेळी घरी आल्यावर बघितलं तर सगळं धुक्यात.

४. घरी, टेबलावर

बारा प्रमाण आता कामी येतं. फोन गिरणीत ४ फुटांवर होता, म्हणून टेबलावर तो बाहुलीच्या तळव्यापासून ४ इंचांवर. अंतर १० फूट होतं, म्हणून इथे १० इंच. एवढं जमलं की बाहुलीकडे बघण्याचा कोन आणि गिरणीकडे बघण्याचा कोन एकच होतो, आणि फोटोतले निम्मे प्रश्न निर्माणच होत नाहीत. बहुतेकांची बाहुली बाहुलीच वाटते त्याचं कारण हेच. ते टेबलाशेजारी उभे राहून वरून फोटो काढतात. तिच्या दृष्टीने तो तिसऱ्या मजल्यावरून काढलेला फोटो असतो.

एक इशारा. काही फोन इतक्या जवळ गेल्यावर न विचारता मॅक्रोवर, म्हणजे वाइड लेन्सवर उडी मारतात. मग नाक मोठं, पाय बारीक. सेटिंगमधून ते बंद करा. तरीही फोकस बसत नसेल तर थोडं मागे जा आणि फोटो नंतर कापून घ्या, पण फोन बाहुली जिथे उभी आहे त्या रेषेतच मागे न्या आणि उंची तेवढीच ठेवा.

मागे राखाडी कार्डशीट. हिरवा पडदा वापरायचा मोह होईल, पण काळ्या चकचकीत प्लॅस्टिकवर हिरव्या रंगाची झाक उतरते आणि ती काढता काढता रात्र होते.

आता चेंडू बाहुलीजवळ धरा. गिरणीतल्या चेंडूचा फोटो समोर उघडा ठेवा. खिडकी डावीकडे येईल असं टेबल फिरवा, लॅम्प बटर पेपर लावून वरून धरा, आणि दोन्ही चेंडू सारखे दिसेपर्यंत हलवत राहा. मला यात पाऊण तास लागला आणि तो सत्कारणी लागला. लॅम्पमध्ये पिवळा बल्ब असेल तर काढून पांढरा लावा. ट्यूबलाइट साधारण ६५०० केल्विनची असते, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. हा फरक नंतर दुरुस्त करता येतो, पण खिडकीचा निळा आणि बल्बचा पिवळा एकत्र आले की दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी.

शेवटी पोज. बाहुली पाकिटातून निघते ती छाती काढून, मुठी आवळून. तसा कोणी दळणाला उभा राहत नाही. एका पायावर भार, कमरेला जरा झोल, मान रांगेच्या पुढच्या टोकाकडे. "आधी बाजरी दळलीय का? मग माझा गहू जरा थांबून टाका," असं म्हणायच्या बेतात असलेला माणूस. हे दिसलं पाहिजे. प्लॅस्टिक चमकत असेल तर मऊ ब्रशने टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा.

५. कापणं

ऑटो सिलेक्शनचं बटण दाबून मोकळे होऊ नका. ते मुखवट्याचे कान आणि केपची (पाठीवरच्या झग्याची) टोकं हमखास खातं. सुरुवात त्याने करा, पण कडा पेन टूलने स्वतः फिरवा. गिम्पमध्ये त्यालाच पाथ्स म्हणतात.

आणि खोडरबर वापरायचा नाही. लेयर मास्क वापरायचा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रांतला एक थर, आणि मास्क म्हणजे त्या थराचं झाकण. मास्कवर पांढरा रंग म्हणजे दिसेल, काळा म्हणजे लपेल. चुकलं तर पांढऱ्याने परत रंगवा, कान परत उगवतो. खोडलेला कान परत येत नाही. मास्कची कड एक-दोन पिक्सेल आत घ्या आणि अगदी एक पिक्सेल मऊ करा, म्हणजे मागच्या कार्डशीटची राखाडी रेघ जाईल.

६. जमिनीवर उभा करणं

दुसरा फोटो, भावाचा, खाली लेयरवर आणा. त्याच्या पावलांवर बॅटमॅनची पावलं ठेवा, उंची त्याच्याशी ताडून बघा. बॅटमॅन सहा फुटांच्या वर आहे, पण गिरणीचं छत सांभाळा. माझ्या पहिल्या मांडणीत त्याचे कान ट्यूबलाइटमध्ये गेले होते. जागा पक्की झाली की भावाचा लेयर बंद.

सावल्या दोन असतात, आणि सगळे एकच काढतात. एक पडलेली सावली, पसरट आणि फिकी. दुसरी बुटाच्या तळव्याला चिकटलेली, जेमतेम बोटभर रुंदीची, गडद रेघ. माणूस जमिनीवर उभा आहे हे डोळ्याला ही दुसरी सांगते. आत्याला जे दिसलं नव्हतं ते हेच. दोन्हींना वेगळा लेयर, मोड (लेयर खालच्या थरात कसा मिसळतो त्याची सेटिंग) मल्टिप्लाय, म्हणजे खालचं गडद होतं. शुद्ध काळा रंग घेऊ नका. कलर पिकरने तिथल्याच एखाद्या डब्याखालच्या सावलीचा रंग उचला. पसरट सावली पायापाशी जरा रेखीव आणि लांब जाईल तशी धूसर.

आता तो चौथा फोटो. वजनकाटा किंवा डब्यांची रांग कापून बॅटमॅनच्या पुढे आणा, त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत झाकेल अशी. आपण जे चिकटवतो ते नेहमी सगळ्यांच्या पुढे असतं, म्हणून ते चिकटवलेलं कळतं. त्याच्या पुढे काहीतरी आलं की तो त्या जागेच्या आत जातो. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशानेच पडलेला मी बघितला नाही.

७. काळा म्हणजे किती काळा

बॅटमॅन निवडलात तर ही पायरी सोडू नका. पहिल्यांदा सगळं जमूनही माझा बॅटमॅन फोटोत भोक पाडल्यासारखा दिसत होता. का ते कळेना. मग कलर पिकर घेऊन गिरणीतल्या सगळ्यात अंधाऱ्या जागा तपासल्या: जात्याच्या मागे, फळीच्या खाली. शून्य (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) च्या मापात कुठेच ३५ च्या खाली आकडा नव्हता. हवेत पीठ असतं ना; ते उजेड पसरवतं, आणि खोलीतला काळा रंग राखाडी होतो. माझ्या बॅटमॅनची केप मात्र ८ वर होती.

उपाय सोपा: कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेषा) उघडा, रेषेचं डावीकडचं खालचं टोक वर उचला, काळा ३५ च्या आसपास येईपर्यंत. बॅटमॅन लगेच खोलीत येतो. उजळ बाजूलाही तेच करा; मुखवट्यावरची चमक भिंतीवरच्या पांढऱ्यापेक्षा जास्त पांढरी नको.

तपासायची युक्ती: सगळ्यांच्या वर एक राखाडी लेयर टाका, मोड कलर. फोटो कृष्णधवल होतो. रंग गेले की उजेडातला फरक लपत नाही. पटलं की लेयर बंद.

८. पीठ

हा माझा आवडता भाग. गिरणीत पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाच्या काळ्या कपड्यांवर पीठ नसेल तर तो गिरणीत गेलेलाच नाही.

पांढऱ्या ब्रशने पीठ रंगवू नका, ते खडूसारखं दिसतं. काळा कागद घ्या, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, आणि त्याच लॅम्पखाली फोटो काढा. खरं पीठ घेऊ नका. बाहुलीच्या प्रमाणात त्याचा कण रव्यासारखा जाडा दिसतो. हा फोटो केपवर ठेवा, मोड स्क्रीन. काळा कागद नाहीसा होतो, फक्त पीठ उरतं. मग मास्कने नको तिथलं लपवा. पीठ कुठे बसतं याचा विचार करा: खांद्यांवर, केपच्या वरच्या घड्यांवर, कोपराला, आणि डबा ज्या मांडीला टेकतो तिथे. खालच्या बाजूंना नाही. माझ्या बॅटमॅनच्या एका कानाच्या टोकावर थोडं आहे. फोटो बघणारे तिथे थांबतात.

याच पावडरचा दुसरा फोटो, मुद्दाम धूसर केलेला, बॅटमॅनच्याही पुढे स्क्रीन मोडवर, अगदी फिका. ती हवा.

९. शेवटचा हात

गिरणीचा फोटो कमी उजेडातला, दाणेदार असतो; बाहुलीचा स्वच्छ. बॅटमॅनच्या लेयरवर थोडा नॉइज घाला, दोन्हींचा दाणा जुळेपर्यंत. मग फोटो आडवा उलटा करून बघा, आरशात बघितल्यासारखा. सवयीने न दिसणाऱ्या चुका तेव्हा दिसतात. आणि रात्री पूर्ण झालेला फोटो रात्रीच पाठवू नका.

सेव्ह करताना लेयरसकट: गिम्पचा एक्ससीएफ किंवा फोटोपीचा पीएसडी. मी एकदा फक्त जेपीजी ठेवून फाइल बंद केली. सगळे लेयर एकमेकांत मिसळून गेले, आणि डब्यावरच्या नावातली वेलांटी चुकलेली. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमचं पीठ आणि त्यांचं कॉम्प्रेशन यांचा लगदा होतो.

१०. कुठे थांबायचं

बॅटमॅन १९३९ पासून लोकांच्या ओळखीचा असला तरी त्याचे हक्क डीसी या कॉमिक्स कंपनीकडे आहेत, स्पायडरमॅनचे मार्व्हलकडे. आपला शक्तिमानही कोणाच्या तरी मालकीचा आहेच. मित्रांना हसवायला फोटो करणं वेगळं आणि कपांवर, टीशर्टवर छापून विकणं वेगळं. दुसरं करू नका. कोणी दुकानाच्या जाहिरातीसाठी मागितला तर नाही म्हणा; मी दोनदा म्हटलंय.

पूर, अपघात, आग यांच्या खऱ्या फोटोत हिरो घालू नका. एक तर ते वाईट दिसतं, आणि चार फॉरवर्डनंतर त्या फोटोत काय खरं होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

एआयला सांगितलं की तो दहा सेकंदांत बॅटमॅन गिरणीत उभा करून देतो, हे मला माहीत आहे. करून पाहिलं. पण ती गिरणी कुठलीच नसते, आणि मी केलं तेव्हा डब्यांवरची नावं वाचता येत नव्हती.

गिरणीतल्या काकांना मी प्रिंट नेऊन दिली. चार बाय सहाची, १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. प्रिंट स्क्रीनपेक्षा गडद येते, म्हणून काळा आणखी थोडा उचलून. काकांनी हात पुसून फोटो धरला, बराच वेळ बघितला. मुखवट्याबद्दल, केपबद्दल काही नाही.

"डबा रिकामा आहे याचा," ते म्हणाले. "पाच किलो गहू असता तर हा खांदा खाली गेला असता."

बरोबर होतं. पुढच्या रविवारी बाहुलीचा उजवा खांदा खाली, डावा हात किंचित बाहेर, आणि फोटो पायरी चारपासून पुन्हा.